पित्त उठलं की अ‍ॅलर्जी झाली?

आपल्या कॉलेजात ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द फार स्वस्त झालाय. कुणाला एम-थ्रीची अ‍ॅलर्जी, कुणाला सकाळी आठच्या प्रॅक्टिकलची, कुणाला मेसच्या दुधी भोपळ्याची. सबमिशनच्या आठवड्यात तर अख्ख्या होस्टेललाच अभ्यासाची अ‍ॅलर्जी उठते! चालायचंच. पण मित्रांनो, हाच शब्द खराखुरा घरात शिरला की काय होतं, ते मी गेली तीन वर्षं जवळून बघतोय. म्हणून हा लेख. विषय डॉक्टरकीचा आहे आणि लिहिणारा इंजिनिअरिंगचा, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आमची ताई बारामतीची लेक आणि इंदापूर तालुक्याची सून. दाजी पुण्यात कंपनीत असतात, पण गावाकडच्या घरी चौदा संकरित गाई आहेत. पहाटे साडेचारला गोठ्यात दिवा लागतो आणि सहाला दुधाचे कॅन डेअरीकडे निघतात. आपला सगळा पट्टाच असा आहे. नीरेच्या कालव्यावर ऊस, उसाच्या वाढ्यावर जनावरं आणि जनावरांच्या दुधावर घरखर्च. बारामतीत श्रायबर डायनॅमिक्स, इंदापूरकडे सोनाई, शिवाय गावोगावची संकलन केंद्रं. अशा घरातल्या पोराला, म्हणजे आमच्या भाच्याला, नेमकी दुधाची अ‍ॅलर्जी निघाली. ऊसवाल्याच्या पोराला साखर बाधावी तसला प्रकार!

कळलं ते उष्टावणाच्या दिवशी. सहा महिने पूर्ण झाले म्हणून गावी कार्यक्रम ठेवला होता. आजीनं, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवली, मग कौतुकानं दोन चमचे भरवली. दहा मिनिटं झाली नसतील, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि रडण्याचा आवाज बसल्यासारखा झाला. तसंच गाडीत घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं पोरगं इकडंतिकडं बघायला लागलं. त्यांनी निदान सांगितलं आणि रात्रभर ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी घरी चर्चासत्र भरलं. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं हल्ली सगळं हायब्रीड, फवारणीचं, त्यामुळं होतंय. पारावरच्या एका आबांनी सांगितलं, जर्सीचं दूध सोडा, गावठी गाईचं द्या, नाहीतर सरळ शेळीचं द्या. आणि आजी म्हणाली, “आरं, पित्त उठलं आसंल. आमच्या येळंला बी उठायचं की. ही अ‍ॅलर्जी-फिलर्जी कुठं व्हती तवा?”

आजीचा हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न आहेत. पूर्वी अ‍ॅलर्जी नव्हती, की तिला नाव नव्हतं?

नावाचं आधी बघू. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं तयार केला. त्याआधी १९०२ मध्ये फ्रान्समध्ये पोर्तिए आणि रिशे यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिलं होतं, की एखादं विष पहिल्यांदा टोचलं तर कुत्रा तगतो, पण काही आठवड्यांनी त्याच विषाचा अगदी थोडा डोस दिला तर मिनिटांत मरतो. शरीर शहाणं होण्याऐवजी जास्तच बिथरतं! याबद्दल रिशेला १९१३ सालचं नोबेल मिळालं. म्हणजे शास्त्राला हे कळून सव्वाशे वर्षंसुद्धा झाली नाहीत. आपल्या भाषेत ‘पित्त उठणं’ आणि ‘गांधी उठणं’ हे शब्द जुनेच आहेत. तेव्हा आजीचं अर्धं बरोबर. आधीही काही लेकरांना अन्न सोसत नव्हतं, काही दगावतही असतील, आणि त्याची नोंद ‘नजर’ किंवा ‘पित्त’ या खात्यावर होत असेल.

पण सगळी वाढ नावापुरती नाही. अमेरिकेत १९९७ ते १९९९ या काळात १८ वर्षांखालच्या ३.४ टक्के मुलांना अन्नाची अ‍ॅलर्जी असल्याचं पालक सांगत होते, २००९ ते २०११ मध्ये हा आकडा ५.१ टक्क्यांवर गेला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला तर संशोधकांनी एक वर्षाच्या मुलांना दवाखान्यात प्रत्यक्ष पदार्थ खायला देऊन तपासलं. २०११ साली आलेला निष्कर्ष असा, की दर १० मुलांत एकापेक्षा जास्त मुलांना कुठल्या ना कुठल्या अन्नाची अ‍ॅलर्जी होती. एवढ्या थोड्या वर्षांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. बदललं असेल तर आजूबाजूचं काहीतरी.

याचा आणखी एक पुरावा त्याच ऑस्ट्रेलियातला आहे, आणि तो आपल्यासारख्यांच्या जवळचा आहे. आशियात जन्मून नंतर तिकडं गेलेल्या मुलांमध्ये दाण्यांची अ‍ॅलर्जी कमी आढळली, पण आशियातून गेलेल्या आईबापांची जी मुलं ऑस्ट्रेलियातच जन्मली, त्यांच्यात ती जास्त आढळली. रक्त तेच, पाळणा वेगळा. म्हणजे पहिल्या काही महिन्यांत, वर्षांत काहीतरी ठरतं.

काय ठरतं ते समजायला आधी यंत्रणा बघू. आपल्या रक्तात आयजीई नावाचं एक प्रतिपिंड अगदी थोड्या प्रमाणात असतं. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पती-पत्नीनं आणि स्वीडनमध्ये योहानसन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. त्याचं मूळ काम जंतांसारख्या परजीवींशी लढायचं असावं, असं मानतात. हे प्रतिपिंड त्वचेत, आतड्यात, श्वासनलिकेत बसलेल्या मास्ट पेशींवर सेन्सरसारखं चिकटून बसतं. ओळखीचं प्रथिन आलं, दोन सेन्सर जोडले गेले, की पेशी फुटल्यासारखी हिस्टामाइन सोडते. मग गांधी, सूज, उलटी, दम, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रक्तदाब खाली. थोडक्यात, घरातला एमसीबी नुसता मोबाईलचा चार्जर लावला तरी ट्रिप व्हावा, तसं. वायरिंग ठीक, लोड ठीक, पण सेटिंग चुकलंय.

इथंच आबांच्या सल्ल्याचं उत्तर मिळतं. दुधाची अ‍ॅलर्जी म्हणजे केसीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन अशा प्रथिनांवरची प्रतिक्रिया. ही प्रथिनं जर्सीत आहेत तशी खिलारीत आहेत, गीरमध्ये आहेत, आणि म्हशीच्या व शेळीच्या दुधात त्यांची इतकी जवळची भावंडं आहेत, की बहुतेक मुलांचा सेन्सर त्यांनाही तेच समजतो. म्हणून ‘शेळीचं देऊन बघा’ हा सल्ला अशा मुलाच्या बाबतीत धोक्याचा आहे. आणि मोठ्या माणसांना दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, ते बहुतेक वेळा वेगळंच प्रकरण असतं. तिथं साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. त्यात त्रास होतो, जीव जात नाही. दोन्हींना ‘दूध चालत नाही’ हे एकच वाक्य वापरल्यानं फार घोटाळा होतो.

आता मुख्य कोडं. सेटिंग चुकतं का?

पहिला अंदाज १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकानं मांडला. १९५८ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती त्यानं तपासली. घरात थोरली भावंडं जितकी जास्त, तितका गवत-परागाचा ताप कमी! त्याचं म्हणणं, भावंडांकडून लहानपणी मिळणारे संसर्ग शरीराला शिकवतात. पुढं युरोपात दिसलं, की गोठ्याशेजारी वाढणाऱ्या मुलांना दमा आणि परागाची अ‍ॅलर्जी कमी होते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. दोघांचं मूळ युरोपातलं, राहणीही साधीच. पण अमिश घोड्यांनी शेती करतात आणि गोठा घराला लागून. हटराइटांची शेती यंत्रांची, गोठे लांब. दमा अमिश मुलांत ५.२ टक्के, हटराइट मुलांत २१.३ टक्के. फरक घरातल्या धुळीत होता, म्हणजे धुळीतल्या सूक्ष्मजीवांच्या अंशांत.

हे वाचलं तेव्हा मला आपली वाडी आठवली. शेणानं सारवलेलं अंगण, गोठ्यात रांगणारं पोर, चार चुलत भावंडं एका ताटात. आता आपल्याकडंही अंगणात पेव्हिंग ब्लॉक आले, गोठा मुक्तसंचार होऊन घरापासून लांब गेला, आणि पोरं चौथ्या मजल्यावर वाढायला लागली. आमचा भाचाही गोठ्याच्या घरातला असला तरी अडीच महिन्यांचा असल्यापासून पुण्याच्या फ्लॅटमध्येच होता. पण यावरून ‘घाण असली की पोरं निरोगी’ असा अर्थ काढू नका बरं का! स्वच्छ पाणी आणि लसींनी किती लेकरं वाचली हे कुठल्याही आजीला विचारा. वरचे अभ्यास दम्याचे आणि परागाचे आहेत, आणि ते सरासरी सांगतात, एकेका पोराचं भविष्य सांगत नाहीत. अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं कोडं उलगडायला आणखी एक दुवा लागतो. तो मिळाला चक्क शेंगदाण्यात!

झालं असं. पाश्चात्य देशांत शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची धास्ती वाढली, तेव्हा डॉक्टरांनी साहजिक सल्ला दिला, की देऊच नका. २००० साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, की ज्यांच्या घरात अ‍ॅलर्जी आहे अशा मुलांना अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नये. ब्रिटनमध्येही तसाच सल्ला होता. आयांनी तो पाळला. आणि अ‍ॅलर्जी कमी होण्याऐवजी वाढतच गेली!

मग लंडनच्या गिडियन लॅक या डॉक्टरांना एक गोष्ट खटकली. इस्रायलमध्ये ही अ‍ॅलर्जी फारशी दिसत नव्हती. २००८ मध्ये त्यांच्या गटानं ब्रिटनमधली आणि इस्रायलमधली ज्यू मुलं तुलनेला घेतली. वंश सारखाच. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के, म्हणजे जवळपास दसपट फरक. कारण शोधता शोधता लक्ष गेलं ‘बाम्बा’ नावाच्या खाऊकडे. शेंगदाण्याचं लोणी लावलेले, तोंडात विरघळणारे कुरकुरे. इस्रायलमध्ये पोरं दात यायच्या आधीपासून ते चोखतात!

नुसती तुलना म्हणजे पुरावा नव्हे, हे आपल्याला व्हायव्हात शिकवतातच. म्हणून लॅक यांनी प्रयोग केला. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे धोक्याच्या गटातली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटानं नियमित शेंगदाण्याचे पदार्थ खायचे, दुसऱ्यानं पाच वर्षांचे होईपर्यंत अजिबात नाही. २०१५ मध्ये निकाल आला. न खाणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांत फक्त ३.२ टक्के. सल्ला उलटा फिरला. २०१७ मध्ये अमेरिकेत लवकर देण्याची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि २०२५ साली तिथं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांमधलं शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं निदान ४० टक्क्यांहून जास्त घटल्याचं दिसलं.

आता सांगा, आपल्याकडं बाम्बा कुणी विकत आणलाय का? आपल्या भाजीत कूट, खिचडीत कूट, भाकरीबरोबर चटणी, उपासाला आमटी. पोरगं मांडीवर बसून आजीच्या ताटातल्या कालवणाचं बोट चाटतं. ही आपली न लिहिलेली मार्गदर्शक तत्त्वं!

पण मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न उरतो. न खाताच अ‍ॅलर्जी झाली कशी? आमच्या भाच्यानं उष्टावणापर्यंत गाईच्या दुधाचा थेंब तोंडात घेतला नव्हता. त्याच्या सेन्सरला दुधाची ओळख करून दिली कुणी?

याचं आजचं सगळ्यात पटणारं उत्तर आहे, कातडी. २००६ साली स्कॉटलंडमध्ये डंडीच्या संशोधकांच्या गटानं दाखवलं, की फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक बिघडलं तर कातडीचा बांध कच्चा राहतो आणि इसब व्हायची शक्यता वाढते. अशा तडकलेल्या कातडीतून घरातल्या अन्नाचे कण आत शिरतात. आतड्यातून जे येतं ते शरीर ‘जेवण’ म्हणून शिकतं. फुटलेल्या कातडीतून येतं ते ‘हल्ला’ म्हणून शिकतं. प्रथिन एकच, दरवाजा वेगळा. कुठल्या दरवाज्यानं आधी ओळख होते त्यावर सेटिंग ठरतं. बाळाला तोंडानं द्यायचं लांबवलं, आणि घरातले बाकीचे तेच खात राहिले, तर आतड्याचा दरवाजा बंद आणि कातडीचा उघडा. सल्ला उलटा का पडला, ते इथं कळतं.

हा नुसता तर्क नाही. जपानमध्ये ‘चा नो शिझुकु’ नावाचा तोंड धुवायचा साबण फार खपला होता. त्यात गव्हाचं विघटित प्रथिन होतं. जन्मभर गहू खाल्लेल्या बायकांना तो साबण वापरून गव्हाचीच अ‍ॅलर्जी झाली. साबण परत मागवला गेला आणि अशा रुग्णांची संख्या २,००० च्या वर निघाली.

आता आपलं बघा. बाळाला आपण काय लावतो? डाळीचं पीठ, साय, हळद, कणकेची लोई. निरोगी कातडीच्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या लावलंय, काही बिघडलं नाही. पण आमच्या भाच्याला तिसऱ्या महिन्यापासून गालांवर आणि कोपरांत इसब होता. लाल, ओला, खाजवून रक्त येणारा. आणि त्यावर कातडी मऊ व्हावी म्हणून मायेनं साय आणि डाळीचं पीठ चोळलं जात होतं. एका पोरावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला माहीत आहे. पण जपानचा साबण आणि आपली साय शेजारी ठेवली की विचार केल्याशिवाय राहवत नाही. इसब असलेल्या बाळाच्या अंगाला खायची वस्तू लावू नये आणि इसबावर लवकर उपचार करावेत, एवढं तरी त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता या गोष्टीतला दुसरा भाग, जो मला पहिल्यापेक्षा जास्त भयंकर वाटतो. उष्टावणाच्या प्रसंगानंतर कुणीतरी सुचवलं म्हणून एका ठिकाणी रक्ताचं मोठं ‘पॅनेल’ करून घेतलं. चोवीस पदार्थ. रिपोर्टात नऊ लाल! दूध, अंडं, शेंगदाणा, हरभरा, गहू, वांगं, असं करत करत. खाली समजावून सांगणारं कुणी नाही. घाबरलेल्या आईनं काय करावं? नऊच्या नऊ बंद. शेंगदाणा नसलेला स्वयंपाक आपल्या भागात करून दाखवा बरं! ताई भाचा आणि डबा दोन्ही घेऊनच कुठंही जायची. लग्नात जेवायची नाही, गावी यायची नाही. सासरचे म्हणायचे, सून पोराला उपाशी मारतीय. दीड वर्षाचा झाला तरी त्याचं वजन साडेआठ किलोच्या वर जाईना.

इथं आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. समजा १,००० मुलं आहेत आणि त्यातल्या फक्त २ जणांना एखाद्या पदार्थाची खरी अ‍ॅलर्जी आहे. समजा टेस्ट त्या दोघांनाही बरोबर पकडते, पण उरलेल्या ९९८ पैकी १० टक्क्यांनाही लाल दाखवते. म्हणजे लाल झाले साधारण १०२, खरे २! टेस्ट वाईट नाही, विचारलेला प्रश्न वाईट आहे. लक्षण नसताना सगळं तपासलं की असंच होणार. प्रोबॅबिलिटीच्या पेपरात बेझचं प्रमेय आपण सात मार्कांसाठी पाठ करतो, इथं त्यावर एका लेकराचं जेवण अडलं होतं.

आणि आपल्या देशात हे प्रत्यक्ष मोजून झालंय. शेजारच्या कर्नाटकात युरोपीय सहकार्यानं मोठी पाहणी झाली. २०१६ मध्ये आलेले प्रौढांचे आकडे असे, की २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खाऊन त्रास होणारे, म्हणजे संभाव्य अ‍ॅलर्जीवाले, फक्त १.२ टक्के. शाळकरी मुलांचा आकडा २०२० मध्ये आला, ०.१४ टक्के. तीच पद्धत वापरून हाँगकाँगमध्ये १.५ टक्के निघाले होते. म्हणजे आपल्या मुलांत अ‍ॅलर्जी अजून कमी आहे, पण रिपोर्ट मात्र लाल येऊ शकतो, कारण परागकणांची आणि धान्य-कडधान्यांची काही प्रथिनं एकमेकांसारखी असतात. सेन्सर ओळख दाखवतो, भांडत नाही. अर्थात कमी म्हणजे शून्य नव्हे. हरभऱ्यासारख्या साध्या कडधान्यानं जिवावर बेतल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी १९९७ मध्येच प्रसिद्ध केल्या होत्या.

शेवटी पुण्यात लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीच्या एका डॉक्टर मॅडमची गाठ पडली. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पाऊण तास फक्त प्रश्न विचारले. काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांनी काय झालं. मग एकेक पदार्थ दवाखान्यात बसवून, जवळ इंजेक्शन तयार ठेवून, अगदी कणभरापासून सुरू करून दर वीस-तीस मिनिटांनी वाढवत दिला. तीन-चार महिन्यांत नऊपैकी आठ पदार्थ परत मिळाले. ज्या दिवशी शेंगदाणा पास झाला त्या दिवशी ताई फोनवर रडली. फक्त दूध नापास. त्याची कसर नाचणी, तीळ, डाळी, अंडं यांनी भरून निघाली आणि वजन रुळावर आलं.

दुधाची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते, असं मॅडमनी सांगितलं. भट्टीच्या उष्णतेनं दुधातल्या काही प्रथिनांची घडी उलगडते, शिवाय ती पिठात अडकतात, म्हणून बऱ्याच मुलांना साधं दूध चालत नसलं तरी केकमधलं चालतं. आमच्या भाच्याला यंदा त्यांच्या देखरेखीखाली मफिन चाललं. उकळलेलं दूध मात्र अजून बंद. आणि ही पायरी घरी करून बघायची नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं.

आता आजीच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं. तुमच्या वेळेला अ‍ॅलर्जी कमी होती, कारण तुम्ही लेकराला सहा महिन्यांनंतर घरातलं सगळं थोडं थोडं चाखवत होता, आणि आजूबाजूला भावंडं, माती, जनावरं होती. यातलं पहिलं आपल्याला फुकट मिळालेलं आहे. इंग्लंड-अमेरिकेनं ते टाळलं, पंधरा-वीस वर्षं किंमत मोजली आणि परत तिथंच आले. आपण मोबाईलवरचे अर्धवट सल्ले वाचून आणि लाल रिपोर्टांना घाबरून नेमकं तेच टाळायला निघालोय. शेंगदाणा द्यायचा तो अर्थात कूट करून, पातळ कालवून. अख्खा दाणा लहान पोराच्या घशात अडकतो. ज्या बाळाला मोठा इसब आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारायचं.

पण आजी, तुमचं एक नाही पटत. “थोडं थोडं देत ऱ्हावा, सवं हुईल,” हे ज्याला अ‍ॅलर्जी झालीय त्याला लागू नाही. सवय आधी लावायची असते, एकदा सेटिंग बिघडल्यावर घरच्या घरी नाही.

आपण कॉलेजवाल्यांनी काय करायचं? दोन-तीन गोष्टी सहज जमतील. पाकिटावरचं लेबल वाचायचं. २०२० च्या नियमांनुसार दूध, अंडं, मासे, शेंगदाणा, गहू, सोया वगैरेंचा वेगळा उल्लेख करणं पाकीटबंद अन्नावर बंधनकारक आहे. आपल्या बारामती एमआयडीसीत फेरेरोच्या कारखान्यात बनणारं किंडर जॉय असो की वडिलांनी एसटी स्टँडवरून आणलेला बिस्किटाचा पुडा, आमच्या घरी आता आधी मागची बाजू वाचतात. गॅदरिंगच्या स्टॉलवर आणि मेसच्या फळ्यावर पदार्थाच्या नावापुढं ‘कूट आहे’, ‘दूध आहे’ एवढं खडूनं लिहायला काय लागतं? भिगवणला मासे खायला ग्रुप निघतो, तेव्हा कुणाला मासा चालत नाही हे आधी विचारायला काय लागतं?

आणि कुणाला काही खाल्ल्यावर गांधींबरोबर आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, तर खाजेच्या गोळीवर वेळ घालवायचा नाही. ती खाज थांबवते, श्वास नाही. त्याला आडवं झोपवून पाय वर करायचे, दम लागत असेल तर बसू द्यायचं, चालवत न्यायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि सांगायचं, अ‍ॅड्रेनलिन लागेल. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन लोक खिशात ठेवतात, आपल्याकडं ते सहजासहजी मिळत नाही. पण साधी अ‍ॅम्प्यूल स्वस्त आहे आणि दवाखान्यात असते. लवकर पोचणं एवढंच आपल्या हातात.

मेसमध्ये एखादा म्हणाला, “मला हे चालत नाही,” तर आपलं ठरलेलं उत्तर असतं, “खा की, एका घासानं काय मरतोस काय?” ते वाक्य तेवढं बंद करू या. कारण त्याचं खरं उत्तर कधीकधी ‘हो’ असतं.